जखमेत नव्या रक्तवाहिन्या आणि हायड्रोजेलमधून संथपणे सुटणारे औषध : ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील आमच्या ग्राहकांकडून, विशेषतः पायाची जखम महिनोन्‌महिने न भरणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या घरच्यांकडून, ‘रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या जेलपट्टी’ची विचारणा होते. आमच्याकडील साध्या हायड्रोजेल पट्टीत असे कोणतेही औषध नसते. ती जखमेत ओलावा राखते आणि मृत थर मऊ करते, एवढेच तिचे काम.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी, पण पाण्यात न विरघळणारी पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची, जाळी. ओटो विक्टरले आणि द्राहोस्लाव लिम या चेक संशोधकांनी १९६० मध्ये शरीरात वापरण्याजोगी अशी जेले मांडली. पुढे संशोधकांचे लक्ष या जाळीत औषध साठवण्याकडे वळले, आणि त्यामागे सबळ कारण होते. बहुतेक पेशींना प्राणवायू मिळण्यासाठी केशवाहिनी १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असावी लागते. त्यामुळे नव्या वाहिन्या फुटल्याशिवाय खोल जखम भरत नाही. या वाहिन्यांना चालना देणारे ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन रक्तात टोचले, तर तासाभराच्या आतच त्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. आणि ते एकाच जागी एकदम जास्त झाले, तर तयार होणाऱ्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या निघतात. उसाला पाटाने एकदम पाणी सोडणे आणि ठिबकने मुळाशी देणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

जेलमधून औषध सुटण्याचा वेग ठरवण्याचे मार्ग अनेक आहेत. जाळी घट्ट विणली की प्रथिन हळू बाहेर पडते. जिलेटिनचे जेल शरीरातील विकरांनी जसजसे विरघळते, तसतसे औषध सुटते. जाळीला हेपारिन (एरवी रक्त गोठू नये म्हणून देतात तो पदार्थ) जोडले, तर ते प्रथिनाला धरून ठेवते. आमच्या मते याहून महत्त्वाचा आहे तो क्रम: आधी व्हीईजीएफने वाहिनी फुटावी आणि मग ‘पीडीजीएफ’ या दुसऱ्या प्रथिनाने तिची भिंत भक्कम व्हावी. प्राण्यांवरील प्रयोगांत असा क्रम साधला असला, तरी ही पद्धत अजून रोजच्या उपचारात आलेली नाही.

पीडीजीएफ असलेले बेकाप्लर्मिन जेल मात्र अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमेसाठी मंजूर झाले. ते रोज लावावे लागते, फ्रीजमध्ये ठेवावे लागते, आणि पायाचा रक्तपुरवठा पुरेसा असेल तरच ते द्यायचे असते. जखमेच्या जागी कर्करोग असल्यास ते वर्ज्य आहे. मुख्य धमनीच तुंबली असेल, तर कोणतेही जेल तिची जागा घेऊ शकत नाही. तंबाखूने आणि बिडीने वाहिन्या आकसतात. निपाणी पट्ट्यातील आमच्या ग्राहकांना हे आम्ही कळकळीने सांगतो.

साधी पट्टीसुद्धा फार पाझरणाऱ्या जखमेवर किंवा काळ्या पडलेल्या कोरड्या बोटावर स्वतःहून लावू नये. बोट काळे पडणे, दुर्गंधी किंवा ताप दिसल्यास पट्टी घेण्यासाठी न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी पट्टी नेण्यासाठी येताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी. त्यावरूनच योग्य आकार आणि बदलण्याचे अंतर आम्ही सांगू शकतो.