डेव्हनच्या बर्फातील सैतानी पाऊलखुणा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील डेव्हन परगण्यात फेब्रुवारी १८५५ मध्ये ताज्या बर्फावर खुरासारखे ठसे उमटलेले दिसले. ते एका प्राण्याने ठेवले की अनेकांनी, याचा निकाल आजवर लागलेला नाही. त्या वेळच्या लोकांनी त्यांना ‘सैतानाची पावले’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. बर्फावरील अनाकलनीय ठशांच्या नोंदी जगभर आहेत, पण साक्षीपुरावा, चित्रे, पत्रव्यवहार आणि तर्कवितर्क यांचा एवढा साठा दुसऱ्या कोणत्याही घटनेचा नाही. म्हणून बर्फातल्या ठशाचा अर्थ कसा लावावा आणि कसा लावू नये, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी पडते.

घटना

१८५५ चा फेब्रुवारी इंग्लंडमध्ये विलक्षण थंडीचा होता. गुरुवार, ८ फेब्रुवारीच्या रात्री डेव्हनच्या दक्षिण किनाऱ्यावर बर्फ पडला. शुक्रवारी सकाळी एक्स नदीच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरील लोक दार उघडून बाहेर आले, तर अंगणात, परसात, रस्त्यावर ठशांची रांग. एक्समथ, लिम्पस्टन, टॉप्सम, खाडीपलीकडे डॉलिश आणि टीनमथ अशा गावोगावी हीच बातमी. लंडनच्या ‘टाइम्स’ने १६ फेब्रुवारीला ती छापली. ठसा गाढवाच्या नालेसारखा, रुंदी दीड ते अडीच इंच, कुठे कुठे दुभंगलेला, पण बहुतेक ठिकाणी सलग, असे त्या वृत्तात म्हटले होते. घरांच्या छपरांवर, अरुंद भिंतींवर, उंच कुंपणाने बंदिस्त बागांमध्येही ठसे होते. काही घरांच्या दारापर्यंत येऊन ते परत फिरले होते. अंधार पडल्यावर पुष्कळ लोक घराबाहेर पडायला धजत नाहीत, असेही त्या वृत्तात नोंदवले होते.

२४ फेब्रुवारीला ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकात ‘साउथ डेव्हन’ या टोपणनावाने एक सविस्तर पत्र आले आणि प्रकरण देशभर गाजले. पत्रलेखक डर्बन नावाचा १९ वर्षांचा तरुण होता, हे पुढे कळले. त्याच्या मते ठसा चार इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, दोन ठशांमधले अंतर आठ इंच, आणि ठसे एकापुढे एक, जणू एकाच पायाने चालल्यासारखे. एका रात्रीत शंभर मैलांची वाटचाल, तीही दोन मैल रुंदीची खाडी ओलांडून, असा त्याचा दावा होता.

आज आपण ज्याला सैतानाची पावले म्हणतो ती कथा मुख्यतः या एका पत्रातून घडली. ‘टाइम्स’मधला दीड इंची ठसा आणि पत्रातला पावणेतीन इंची ठसा हे एकच कसे असतील, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. ठसा एकसारखा होता हे सांगणारे पुष्कळ भेटले. मोजमापे मात्र पहिल्यापासूनच जुळत नव्हती.

सैतान कुठून आला

युरोपातल्या ख्रिस्ती लोकसमजुतीत सैतानाचा पाय खुराचा असतो. तो माणसाचे रूप घेऊन आला तरी पायावरून ओळखू येतो. आपल्याकडे कोकणात हडळ ओळखायची ती उलट्या पावलांवरून, तसेच हे. चेहरा फसवू शकतो, पाऊल फसवत नाही, हा विश्वास दोन्हींच्या मुळाशी आहे. त्यामुळे बंद कुंपणाच्या आत खूर उमटलेला पाहून डेव्हनच्या शेतकऱ्याच्या मनात पहिला कोणता विचार आला असेल, हे समजणे कठीण नाही.

त्यात धर्मकारणही मिसळले. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जुन्या कॅथलिक विधींकडे झुकणारा एक पक्ष त्या काळात वाढत होता आणि डेव्हनमध्ये त्यावरून कडाक्याचे वाद चालू होते. १८४०च्या दशकात एक्झिटर शहरात पाद्र्याच्या पांढऱ्या झग्यावरून दंगे झाले होते. त्यामुळे सैतान या मंडळींच्याच मागावर आला असावा, अशीही कुजबुज झाली.

विदिकूम रॅली येथील धर्मगुरू मस्ग्रेव्ह यांनी प्रवचनात वेगळेच सांगितले. एका खासगी प्राणिसंग्रहातून कांगारू सुटल्याची वदंता होती, तिचा आधार घेऊन ठसे कांगारूचे असावेत, असे ते बोलले. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. गावकऱ्यांची भीती जावी म्हणून आपण कांगारूचे नाव घेतले आणि त्याचा उपयोग झाला, असे त्यांनी पुढे पत्रात मोकळेपणाने लिहिले. त्यांचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही, पण त्यांचा कांगारू नंतरच्या लेखनात एक गंभीर उपपत्ती म्हणून मिरवत राहिला.

एलाकूम यांचे कागद

या प्रकरणात मनापासून आदर वाटावा असे एक माणूस म्हणजे क्लिस्ट सेंट जॉर्जचे धर्मगुरू एलाकूम. चर्चमधील घंटांचे जाणकार म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांनी ठशांच्या आकृत्या काढल्या, ओळखीच्यांकडून पत्रे मागवली आणि सगळे नीट जपून ठेवले. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ला लिहिलेल्या पत्रावर ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा मारला. हे कागद शंभरेक वर्षे पडून होते, ते १९५०च्या सुमारास पुन्हा उजेडात आले. ते मिळाले नसते तर आपल्या हाती फक्त वर्तमानपत्री वर्णने उरली असती. ब्रिटिश अभ्यासक माइक डॅश यांनी १९९४ मध्ये हे कागद, स्थानिक वृत्तपत्रे आणि नंतरच्या आठवणी असा सगळा साठा एकत्र प्रसिद्ध केला. या विषयावर गांभीर्याने लिहायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

हा साठा वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. संपूर्ण माग कोणीही चालून पाहिलेला नाही. कोणी आपल्या बागेतले ठसे पाहिले, कोणी शेजारच्या गावापर्यंत गेले, काही जण काही मैल फिरले. शंभर मैलांची अखंड रेघ जमिनीवर कोणाला दिसली नाही. गावोगावच्या बातम्या कागदावर एकमेकींना जोडल्यावर ती तयार झाली. शिवाय सगळे ठसे त्या एकाच रात्रीचे होते, हेही सिद्ध होत नाही. एकदा हे लक्षात घेतले की ‘एका रात्रीत शंभर मैल चालणारा प्राणी कोणता’ हा प्रश्नच उरत नाही. त्या जागी साधे, पण उत्तर देता येण्याजोगे अनेक छोटे प्रश्न येतात: या अंगणात कोण आले होते, त्या भिंतीवर कोण चढले होते.

उपपत्ती

त्या काळचे थोर शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन, ज्यांनी ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ केला, त्यांनी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या ३ मार्चच्या अंकात ठसे बॅजरचे असल्याचे मत दिले. बॅजर हा बिळात राहणारा निशाचर प्राणी. तो अस्वलासारखा तळवा टेकून चालतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात ठेवतो आणि भुकेपोटी कडक थंडीतही बाहेर पडतो. एकेरी रांगेचे स्पष्टीकरण म्हणून मागच्या पायाचा मुद्दा चांगला होता. कोल्हा आणि मांजरही असेच चालतात. पण बॅजर छपरावर कसा चढला, याला ओवेन यांच्याकडे उत्तर नव्हते. ठशाची नाल कशी झाली, हेही नीट सुटले नाही.

वाचकांनी पाणमांजर, ससा, करकोचा, माळढोकाच्या जातीचा मोठा पक्षी, अशी नावे सुचवली. गाढव आणि तट्टू यांचा विचार तर आधी व्हायला हवा, कारण नाल त्यांचीच असते. रस्त्यावरच्या काही ठशांना ते उत्तर पुरेसेही आहे. पण आठ इंचांचे पाऊल गाढवासाठी फारच आखूड.

एका वाचकाने १० मार्चच्या अंकात उड्या मारत जाणाऱ्या उंदराच्या ठशांचे चित्र काढून पाठवले होते, त्याकडे दुर्लक्ष झाले. ११० वर्षांनी, १९६५ मध्ये, आल्फ्रेड ल्यूचर या प्राणिअभ्यासकाने हाच विचार नेटाने मांडला. रानउंदीर मऊ बर्फात चालत नाही, उडी मारतो. प्रत्येक उडीत चारही पाय जवळजवळ पडतात: मागचे दोन थोडे पुढे आणि बाहेरच्या अंगाला, पुढचे दोन त्यांच्या मागे, आतल्या अंगाला. चारही खड्डे मिळून नालेसारखा किंवा दुभंगलेल्या खुरासारखा एकच आकार दिसतो. एकेका उडीने असे आकार एका रेषेत, समान अंतरावर पडत जातात. ज्याला आपण एक पाऊल समजतो, तो खरे तर एका उडीत पडलेला अख्खा प्राणी असतो.

मला ही उपपत्ती सर्वांत समाधानकारक वाटते, कारण जे बाकीच्यांना अडते तेच इथे सुटते. उंदीर भिंतीवर चढतो, छपरावर फिरतो, कुंपणाच्या फटीतून आत शिरतो, अरुंद नळातून जातो. ‘टाइम्स’मधला दीड इंची ठसा तर त्याच्या मापाशी चांगलाच जुळतो. मात्र चार इंची ठसे त्याच्या पदरात घालता येत नाहीत.

आणखी एक उपपत्ती लेखक जेफ्री हाउसहोल्ड यांनी १९८५ मध्ये पुढे आणली. डेव्हनपोर्टच्या आरमारी गोदीतून एक प्रायोगिक फुगा चुकून सुटला आणि त्याच्या दोरांना लोंबणाऱ्या लोखंडी कड्यांनी हे ठसे उमटवले, अशी एका गोदी कामगाराच्या कुटुंबातली ऐकीव हकिकत त्यांनी दिली. हकिकत चित्तवेधक आहे. पण झाडे, कुंपणे आणि धुरांडी यांच्या गर्दीतून लोंबते दोर कुठेही न अडकता कसे गेले, हे तिच्यात येत नाही. काही ठसे मुद्दाम, थट्टेने किंवा धर्मवादाच्या भरात उमटवले गेले असण्याचीही दाट शक्यता आहे. डॅश यांचा निष्कर्ष असा की गाढवे, तट्टे, रानउंदीर, मांजरे आणि माणसांचा खोडसाळपणा या सगळ्यांचे ठसे एका नावाखाली जमा झाले, तरीही काही नोंदी पूर्णपणे उलगडत नाहीत.

बर्फ काय करतो

ओल्या मातीतला माग वाचणाऱ्याला बर्फ चकवतो. मातीत ठसा वाळतो आणि बराचसा तसाच राहतो. बर्फातला ठसा मात्र उमटल्या क्षणापासून बदलू लागतो. कडा कोसळतात, ऊन लागले की खड्डा रुंदावतो, बोटांमधल्या बारीक भिंती वितळून बोटे एकमेकांत मिसळतात आणि रात्री सगळे पुन्हा गोठून नव्या आकारात घट्ट होते. पंजाचा असा खूर होऊ शकतो. डेव्हनचा दक्षिण किनारा इंग्लंडच्या मानाने उबदार, तिथे दाट बर्फ क्वचित पडतो. त्यामुळे चिखलातला कोल्हा आणि बॅजर सहज ओळखणाऱ्या माणसांनाही बर्फ वाचायची सवय नव्हती, हे विसरता कामा नये.

ठशावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न भारतात वाघांच्या गणनेतही उभा राहिला. पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशावरून, वाघ मोजण्याची पद्धत अनेक वर्षे देशभर वापरली गेली. एकाच वाघाचा ठसा धुळीत, वाळूत आणि चिखलात वेगळा उमटतो आणि तो काढून घेणाऱ्याच्या हातानुसारही बदलतो, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर ती पद्धत मागे पडली आणि जंगलात लावलेले स्वयंचलित कॅमेरे, म्हणजे कॅमेरा ट्रॅप, आले. ताडोबा आणि मेळघाटातले वनरक्षक आजही माग काढतात, पण मोजणीचा आधार आता ठसा राहिलेला नाही.

इतर नोंदी

१८४० मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेतील एका तुकडीला केर्गेलेन या निर्जन बेटावर बर्फात घोड्यासारख्या किंवा गाढवासारख्या प्राण्याचे ठसे दिसले. लांबी तीन इंच, रुंदी अडीच इंच. बेटावर असा कोणताही प्राणी राहत नव्हता. फुटलेल्या जहाजातून एखादे जनावर किनाऱ्याला लागले असावे, असा तर्क रॉस यांनी केला.

हिमालयातली सर्वांत प्रसिद्ध नोंद नोव्हेंबर १९५१ ची. एव्हरेस्टच्या वाटांची पाहणी करून परतताना एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर बर्फकुऱ्हाड शेजारी ठेवून एका ठशाचे छायाचित्र घेतले आणि हिममानव घरोघरी पोहोचला. अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडला की मोठ्या मानवी पावलासारखा आकार होतो, आणि वितळून तो आणखी वाढतो. हिममानवाचे म्हणून जपलेले केस, हाडे आणि इतर अवशेष अशा नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात आठ अस्वलाचे आणि एक कुत्र्याचा निघाला. तरी २०१९ मध्ये भारतीय सैन्याने नेपाळमधील मकालू शिखराच्या तळाजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे दिसल्याचे छायाचित्रांसह जाहीर केले, तेव्हा देशभर पुन्हा चर्चा झाली. त्या छायाचित्रांतही ठसे एका सरळ रेषेत, एकापुढे एकच होते.

डेव्हनमध्ये मार्च २००९ मध्ये उत्तरेकडच्या वुल्सरी गावी एका घरामागच्या बर्फात खुरासारख्या ठशांची रांग पुन्हा दिसली. ती पाहायला गेलेल्या अभ्यासकांपैकी एकाच्या मते ते सशाचे होते. या वेळी मात्र बर्फ वितळण्याआधी ठशांची छायाचित्रे काढली गेली होती.