15 वर्षं झाली म्हणून पिकअप भंगारात घालू नका
पिंपळगाव मार्केटला टोमॅटो-कांदा घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्यांकडून कित्येक वर्षं एकच ऐकतोय, "15 वर्षं झाली की आरटीओ गाडी भंगारात काढतं, आता रिपेअरला पैसे घालून काय उपयोग". अहो असं नाहीये! डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं ही गोष्ट दिल्ली-एनसीआरची, आणि 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवर नोंदणी रद्द होते ती सरकारी गाड्यांची. आपल्या नाशिकच्या मालवाहू गाडीचं सगळं फिटनेसवर आहे, 8 वर्षांनंतर दरवर्षी पासिंग म्हणजे फिटनेसची तपासणी, पास झाली तर चालते. हां, जुन्या गाडीला पासिंगची फी जास्त आणि पर्यावरण करही लागतो, तेवढं हिशोबात धरा.

मग बघायचं काय, तर चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. इंजिन परत बांधता येतं, क्लच, पंप, नोझल सगळं बदलता येतं पण पाट्यांच्या हँगरजवळ, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्या जिथे चासीला अडकवलेल्या असतात तिथे, चासी गंजून पापुद्रे सुटायला लागले किंवा तडा गेला असेल तर तिथे वेल्डिंग मारून माल भरणं म्हणजे जिवाशी खेळ, ती गाडी सोडाच. चासी ठणठणीत असेल तर कामाचं एस्टिमेट घ्या आणि नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशेजारी ठेवून बघा, इन्शुरन्स पण धरून.