बुंधा कुजला, पण कशानं?

साताऱ्यात आषाढ लागला की खिडक्या बंद होतात आणि हॉलमधल्या कुंड्यांना ना ऊन मिळत ना वारा. पाणी मात्र उन्हाळ्यातल्या सवयीनं रोज पडत राहतं. मग डिफेनबेकिया नाहीतर अॅग्लोनिमा बुंध्यापाशी मान टाकते आणि घरातलं कुणीतरी कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतं. ती पुडी कामाला येणार की पैसे पाण्यात जाणार, हे कूज बुरशीची आहे की जिवाणूची यावर ठरतं.

आधी वास घ्या. जिवाणूजन्य मऊ कुजीला कुजक्या मासळीसारखी घाण येते. बोट लावलं की खोड आत दबतं, चिकट पाणी सुटतं. पेक्टोबॅक्टेरियमसारखे हे जिवाणू पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणून खोडाचा अक्षरशः लगदा होतो. उबदार, दमट हवेत दोन-तीन दिवसांत झाड आडवं होतं.

बुरशी सहसा इतकी घाई करत नाही, आणि तिला असा उग्र वासही नसतो. रायझोक्टोनिया या बुरशीचा डाग मातीच्या रेषेपाशी, तपकिरी आणि खोलगट. स्क्लेरोशियम ओळखायला सगळ्यात सोपी: बुंध्याभोवती पांढऱ्या तंतूंचं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. भुईमुगाला खोडकूज लागते ती हीच बुरशी. शेतातली माती आणि अर्धवट कुजलेलं शेणखत कुंडीत भरलं की ती घरात येऊ शकते.

फसवते ती फ्युझेरियम. डिफेनबेकियात तिची कूज मऊही असते, त्यामुळे नुसतं दाबून बघून निकाल देऊ नये. डागाच्या कडेला जांभळट-लाल पट्टा दिसतो का ते पाहा. कधी बुंध्यावर बारीक लाल ठिपकेही असतात. आणि पिथियम मुळांपासून वर चढतं. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निघून येते, आत दोरा उरतो. शास्त्राच्या हिशेबात पिथियम खरी बुरशी नाही. म्हणूनच कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्झिल हे दुसरं औषध लागतं.

आलं लावणाऱ्यांना हा घोळ नवा नाही. पिथियमची कंदकूज वेगळी आणि जिवाणूची मर (झाड कोमेजून मरणं) वेगळी, हे ते जाणतात. मरीचा संशय असेल तर खोडाचा ताजा काप ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरतात. दुधाळ धार सुटली तर जिवाणू. घरातल्या मऊ कुजीला मात्र ही परीक्षा तितकी भरवशाची नाही. तिथं नाकच पुरे.

उपाय वेगळे आहेत. बुरशी असेल तर पाणी तोडा, शेंड्याकडचा निरोगी तुकडा कापा, कार्बेन्डाझिमच्या पाण्यात (लिटरला एक ग्रॅम) बुडवून नव्या मातीत लावा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) वापरायचा असेल तर त्याच वेळी कार्बेन्डाझिम नको. तीही शेवटी बुरशीच, औषधानं मरते. शिवाय ट्रायकोडर्मा रोग येऊ नये म्हणून असतो. लोळलेलं झाड तो उभं करत नाही.

जिवाणू असेल तर माझं मत सरळ आहे: झाड टाकून द्या. बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही, आणि वरून हिरवागार दिसणाऱ्या तुकड्यातही जिवाणू असू शकतात. महागाचं झाड म्हणून जीव तुटतो, पण त्याच पात्यानं शेजारची कुंडी छाटली की तीही गेली. दर कापानंतर पातं स्पिरिटनं पुसा. हातमोजे घाला, डिफेनबेकियाचा चीक कातडीला झोंबतो.

कुजलेलं झाड आणि कुंडीतली माती परसातल्या वाफ्यात ओतू नका. स्क्लेरोशियमचे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.