धने: नाकाने ओळखायचा मसाला

पाकीट उघडल्यावर आधी नुसता वास घ्या. मग चार-पाच दाणे तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून चोळा आणि पुन्हा वास घ्या. पहिल्या वेळी फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या वेळी लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा, किंचित गोडसर, फुलासारखा वास येतो. तसा आला तर धने चांगले आहेत. नाही आला तर कितीही टपोरे दिसोत, ते जुने झाले आहेत. आमच्या पाकिटातल्या दाण्यांनाही हीच कसोटी लावा.

हे पत्रक लिहायचं कारण एक प्रश्न आहे. ‘हेच धने पेरले तर उगवतील का?’ असं आम्हाला इतक्या वेळा विचारलं जातं की एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं. उत्तर: उगवतील, कारण आमचे धने भाजलेले नसतात. पण उगवणं सोपं आहे. त्या रोपापासून पुन्हा चांगले धने हाती येणं, तिथे बरेच जण फसतात. आम्हीही फसलो होतो. ते पुढे येईलच.

बी नव्हे, फळ

आपण ज्याला धना म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बी नाही, वाळलेलं फळ आहे. दाणा नखाने दाबला की त्याच्या वाटीसारख्या दोन फाका होतात, आणि प्रत्येक फाकेत एक बी असतं. म्हणूनच अख्खा दाणा पेरला तर एकाच जागी दोन रोपं येऊ शकतात. जिरे, बडीशेप, ओवा, शेपू आणि गाजर ही सगळी याच कुळातली मंडळी. फुलोरा पाहिला की नातं लगेच कळतं: दांड्याच्या टोकाला उघड्या छत्रीच्या काड्यांसारखे देठ आणि त्यांवर बारीक पांढरी-गुलाबीसर फुलं.

दाणे दोन जातींचे मिळतात. मोठे, साधारण 3 ते 5 मिलिमीटरचे, आणि लहान, 3 मिलिमीटरपेक्षा कमी. मोठा दाणा दिसायला छान, पण तेलाचं प्रमाण सहसा लहान दाण्यात जास्त असतं. भरघोस दिसणाऱ्या दाण्यालाच मागणी असते, याचं आम्हाला दरवेळी थोडं वाईट वाटतं.

नावात काय काय दडलंय

मराठीत या एका झाडाला दोन नावं आहेत. पानाला कोथिंबीर, फळाला धने. ‘धने’ संस्कृतातल्या ‘धान्याक’वरून आले, आणि ‘कोथिंबीर’ ‘कुस्तुम्बुरु’वरून. हा शब्द किती जुना? पाणिनीने अष्टाध्यायीत त्याच्यासाठी वेगळं सूत्र केलं आहे, ‘कुस्तुम्बुरूणि जातिः’. या शब्दातला ‘स्’ कुठून आला ते सांगायला व्याकरणकाराला थांबावं लागलं, म्हणजे शब्द तेव्हाच लोकांच्या तोंडी पक्का बसलेला होता.

तिकडे क्रीट बेटावरच्या क्नोसोस इथे आणि ग्रीसमधल्या पायलोस इथे मातीच्या पाट्या सापडल्या. मायकेल व्हेन्ट्रिसने 1952 मध्ये त्यांच्यावरची लिपी उलगडली, तेव्हा राजवाड्याच्या कोठारांचे हिशेब वाचता येऊ लागले. तीन हजार वर्षांहून जुन्या या हिशेबांत धने आहेत, आणि पायलोसच्या पाट्यांत ते सुगंधी तेल करणाऱ्यांच्या सामानात मोजलेले आहेत. जवळपास त्याच काळातल्या, इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातही धने होते. हे थडगं हॉवर्ड कार्टरला 1922 मध्ये सापडलं. अर्धा लिटरचं माप भरेल एवढे दाणे त्यात निघाले. राजाबरोबर सोनं ठेवलं हे समजतं. धनेही ठेवले, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला जास्त भावतं.

युरोपात नंतर धन्यांवर साखरेचा थर चढवून गोळ्या करत. इटलीत जत्रेच्या दिवसांत लोक अशा गोळ्या एकमेकांवर उधळायचे. पुढे साखरेच्या जागी स्वस्त गोळ्या आल्या, मग कागदाचे रंगीत तुकडे आले, पण नाव चिकटून राहिलं. इटालियन भाषेत उधळायच्या कागदी तुकड्यांना आजही ‘कोरिआंदोली’ म्हणतात, म्हणजे धनेच.

आता कामाचं नाव. ग्रीक ‘कोरिआन्नोन’ हा शब्द ‘कोरिस’, म्हणजे ढेकूण, यावरून आला असं पूर्वापार सांगितलं जातं. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, निरीक्षण अचूक आहे. हिरवा, कच्चा धना चुरगळला की चिरडलेल्या ढेकणासारखा उग्र वास येतो. तो वास असेपर्यंत धने काढायचे नाहीत. घरच्या काढणीचं निम्मं शास्त्र एवढंच आहे.

एका झाडाचे दोन वास

पानांचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना अल्डिहाइड म्हणतात. काही किडेही याच जातीची द्रव्यं सोडतात, त्यामुळे वर सांगितलेली तुलना उगीच केलेली नाही. पिकलेल्या धन्याचा वास मात्र मुख्यतः लिनालूल या द्रव्याचा. धन्याच्या तेलात साधारण साठ-सत्तर टक्के तेच असतं, आणि लॅव्हेंडरच्या फुलांतही ते भरपूर असतं. अत्तरं आणि साबण करणारे धन्याचं तेल घेतात ते यासाठी. जिन या मद्यात जुनिपर या झुडपाच्या फळांच्या खालोखाल नाव येतं ते धन्याचंच.

एका झाडावर हा बदल होतो कसा? कच्च्या फळात तेलाच्या बारीक नळ्या दोन ठिकाणी असतात. बाहेरच्या भिंतीतल्या नळ्यांत पानांसारखं उग्र तेल असतं. दोन फाका जिथे एकमेकींना चिकटतात त्या आतल्या बाजूच्या नळ्यांत लिनालूलचं. फळ वाळू लागलं की बाहेरच्या नळ्या चपट्या होऊन रिकाम्या होतात, आतल्या तशाच राहतात. म्हणजे चांगला वास पहिल्यापासून आत असतोच. वरचा उग्रपणा उडून जाईपर्यंत दम धरायचा. आणि म्हणूनच अख्ख्या दाण्याला फारसा वास येत नाही. तेल आतल्या बाजूला, बंद फाकांमध्ये असतं.

जाता जाता: काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. त्यांना नाटकी म्हणू नका. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात याचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका गटाशी दिसला. अशा माणसांना धने मात्र सहसा चालतात.

पेरणी

दाणे लाटण्याखाली अलगद फिरवून दोन फाका करा. चुरा होऊ देऊ नका. रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. दहाव्या दिवशी माती उकरून पाहायचा मोह टाळा.

रोप एका कुंडीतून दुसरीकडे हलवू नका. याचं सोटमूळ खोल जातं आणि दुखावलं की झाड वाढायचं सोडून घाईने फुलावर येतं. जिथे वाढवायचं तिथेच पेरा, कुंडी निदान वीतभर खोल असू द्या, आणि निम्मा दिवस ऊन मिळू द्या. गारव्याच्या दिवसांत पेरलेलं बरं. दिवस मोठा आणि गरम झाला की झाड पानं सोडून दांडा काढतं, ते त्याच्या स्वभावातच आहे.

पानांसाठी दाट पेरलेलं चालतं. धन्यांसाठी विरळणी करावीच लागते, दोन रोपांत 15 ते 20 सेंटिमीटर तरी. उपटलेली रोपं कोथिंबीर म्हणून वापरा. खत बेताने घाला. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, गुडघ्याएवढं, आणि दाणे उशिरा आणि थोडे. फुलोरा आल्यावर पानं बारीक, शेपूसारखी होतात. रोग नव्हे, झाड धने धरायला लागल्याची खूण आहे. फुलं खुडू नका. मधमाश्या आणि मावा खाणारे किडे त्यांवर येतात.

काढणी

पेरल्यापासून साधारण तीन ते चार महिने लागतात, पण दिवस मोजू नका. अडचण अशी की सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. मधल्या दांड्यावरची आधी तयार होते, बाजूच्या मागून येतात. सगळ्यांची वाट पाहत बसलात तर पहिलीचे दाणे मातीत पडतात. आधीच कापलंत तर बाकीचे कच्चे.

आमची पहिली फजिती कच्च्यांची. घरातल्या सहा कुंड्यांवर दाणे लगडले, हिरवे, गोल, टपोरे. पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायचे होते, म्हणून सगळं कापून प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि तोंड बांधून ठेवलं. आठ दिवसांनी पिशवी उघडली तर आत पाणी सुटलेलं, दाण्यांवर राखाडी बुरशी, आणि वास ढेकणाचा अधिक तळघराचा. मसाले विकणाऱ्याच्या घरात ही गत.

तेव्हापासून असं करतो. छत्रीतले निम्म्याहून जास्त, साधारण दोन तृतीयांश दाणे हिरव्याचे पिवळसर-तपकिरी झाले की त्यातला एक दाणा चुरगळून वास घेतो. उग्रपणा गेला असेल तर तेवढीच छत्री कापतो, चांगला हातभर दांडा ठेवून. वेळ सकाळची, दव पुरतं वाळायच्या आत. तेव्हा दाणे देठाला धरून राहतात. दुपारी हात लावला की टपटप गळतात. कापलेल्या छत्र्या कागदी पिशवीत उलट्या घालून, पिशवीचं तोंड दांड्यांभोवती सैल बांधून, वाऱ्याच्या जागी सावलीत टांगतो. पिशवीला दोन-चार भोकं पाडतो. एक-दोन आठवड्यांत उरलेले दाणे पिशवीतच पिकतात आणि वाळतात. पिशवी हलवली की आतून खुळखुळ ऐकू येते. ती येईपर्यंत हात लावायचा नाही.

मळणीला यंत्र लागत नाही. छत्र्या पिशवीतच हाताने चोळा, मग सुपात घेऊन पाखडा. सूप नसेल तर परातीत घेऊन हलकी फुंकर मारत काडी-कचरा उडवा. दाणे पुन्हा चार दिवस सावलीत पसरा. कडक उन्हात नको, वास उडतो. पुरते वाळले की नाही हे दाताखाली कळतं: कट् असा आवाज होऊन दाणा फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून ओल आहे.

एका मोठ्या कुंडीतून मूठभर, फार तर दोन मुठी दाणे निघतात. वर्षाची बेगमी होणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. (आणि आमचाही धंदा चालू राहील.)

हिरव्या दाण्यांचा एक उपयोग मात्र आहे, तो सांगायलाच हवा. पिकण्याच्या आधीचे, अर्धे उग्र अर्धे गोड असे थोडे दाणे खुडून ताजेच ठेचून वापरा, किंवा व्हिनेगरमध्ये मुरवा. पानाची आणि धन्याची चव एकत्र लागते. हे दाणे बाजारात सहसा मिळत नाहीत, ज्याच्या घरी झाड आहे त्यालाच मिळतात. फक्त वाळवून साठवायला जाऊ नका.

ठेवणं आणि वापरणं

अख्खे धने घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात आणि शेगडीपासून लांब ठेवले तर वर्षभर चांगले राहतात. पूड दोन-तीन महिन्यांतच उतरते, कारण दळल्यावर ते बंद तेल उघडं पडतं. म्हणून आमच्याकडे पूड मागितली तरी आम्ही आधी अख्खे घ्यायला सुचवतो.

भाजताना जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हलवणं. वास घरभर झाला आणि रंग जेमतेम एक छटा गडद झाला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवले तर तिच्या उष्णतेनेच करपतात. करपलेला धना कडू होतो आणि त्यावर इलाज नाही. पूर्ण गार झाल्यावरच दळा, मिक्सर थांबत-थांबत फिरवा. टरफल चिवट असतं, बारीक पूड हवी तर चाळून घ्या. आंबट किंवा गोड पदार्थांत न भाजलेले, नुसते भरडलेले धने घालून बघा. लिंबासारखा वास तिथे खुलतो, भाजल्यावर तो मागे पडून खमंगपणा पुढे येतो.

औषधी गुणांबद्दल आम्ही काहीही दावा करत नाही. सेलरी, बडीशेप किंवा जिऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी धन्यांच्या बाबतीतही जपून राहावं, ही एकच सूचना.

पुढच्या पेरणीसाठी चमचाभर दाणे वेगळे काढाल तेव्हा ते सगळ्यात आधी फुललेल्या झाडाचे घेऊ नका. त्याचं बी पेरलंत तर रोपंही तशीच उतावळी निघण्याचा संभव असतो. जे झाड पानांवर जास्त दिवस टिकलं आणि शेवटी फुलोऱ्यावर आलं, त्याच्या दांड्याला रंगीत दोरा बांधून ठेवा, आणि त्याच छत्रीचे दाणे न भाजता, कागदात गुंडाळून, तारीख लिहून ठेवा.