स्पॅनिश येतं म्हणजे कोर्टात दुभाषी होता येतं?

घरात स्पॅनिश बोलणारा कुणीही अमेरिकेच्या कोर्टात दुभाषी होऊ शकतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९७८च्या कायद्यानंतर तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांसाठी प्रमाणपत्र परीक्षा आली: आधी लेखी, मग तोंडी. खरा कस तोंडीत लागतो. वकील बोलत असतानाच मागोमाग भाषांतर करायचं. साक्षीदाराचं लांबलचक उत्तर टिपणं काढून, तपशील न गाळता सांगायचं. हातात दिलेला कागद तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत वाचायचा. शिवी आली तर शिवीच द्यायची, सौम्य करायची नाही. साक्षीदार 'मी' म्हणाला, तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. आरोपीला सल्ला देणं तर सक्त मना. आरोपीच्या नातेवाइकाला ऐनवेळी दुभाषी म्हणून उभं करणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.