भूतानला जाताना: परवाना, एसडीएफ आणि भारतीयांना लागणारी कागदपत्रं

भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. ही गोष्ट खरी, पण त्यावरून ‘कागदपत्रांचं काही नाही, थेट निघायचं’ असा समज करून घेतला की सीमेवर खोळंबा ठरलेला. व्हिसा नसला तरी प्रवेश परवाना लागतो, आणि मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. तिकडे सगळे त्याला एसडीएफ म्हणतात.

हे शुल्क कशासाठी, ते आधी समजून घेऊ. भूतानने परदेशी पर्यटकांना दारं उघडली ती १९७४ मध्ये, आणि तेव्हापासून धोरण एकच राहिलं: पर्यटक थोडे असावेत, पण देशाला त्यांच्याकडून नीट उत्पन्न मिळावं. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेनुसार देशाचा किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवणं बंधनकारक आहे. फोबजिखा खोऱ्यात हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्यांना तारांचा अडथळा होऊ नये म्हणून तिथे विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. असं काम फुकट होत नाही. भारतीयांना २०२० पर्यंत या शुल्कातून पूर्ण सूट होती. आता ते भरावं लागतं, आणि मला ते रास्त वाटतं. आपल्याकडे एका सुट्टीत हजारो गाड्या घाटावर चढतात आणि मागे उरतो तो कचरा गावकऱ्यांनी उचलायचा. त्यापेक्षा पाहुण्याने आपला वाटा आधीच देणं केव्हाही बरं.

कोणाला किती

भारतीय नागरिकाला प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १,२०० रुपये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, म्हणजे ६०० रुपये. ६ वर्षांखालच्या मुलांना काही नाही. आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं कुटुंब पाच रात्री राहणार असेल, तर मोठ्यांचे १२,००० आणि मुलीचे ३,००० मिळून १५,००० रुपये होतात. हॉटेल, गाडी, जेवण, मठांची तिकिटं हे सगळं याव्यतिरिक्त. पारोच्या ताकत्सांग मठासारख्या ठिकाणी प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे बजेट मांडताना विसरू नका.

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दर ठरतो तो हातातल्या पासपोर्टवरून. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलं तरी पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा असेल, तर तुम्ही भूतानच्या दृष्टीने परदेशीच. मग व्हिसा लागतो, त्याचे ४० डॉलर, आणि एसडीएफ रात्रीला १०० डॉलर. (हा सवलतीचा दर सप्टेंबर २०२३ पासून ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत आहे, त्याआधी २०० डॉलर होते.) भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याला मात्र १,२०० रुपयांचाच दर. पुण्याचे आजी-आजोबा आणि न्यू जर्सीची नातवंडं एकत्र निघणार असतील, तर अर्ज दोन वेगवेगळ्या प्रकारचे होतील, त्याची तयारी आधीपासून करा.

कागदपत्रं

मोठ्यांसाठी दोनच पर्याय: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला भारतीय पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, कारण देशात विमानापासून लॉजपर्यंत सगळीकडे आधार दाखवायची आपल्याला सवय झालेली असते. पॅन कार्ड आणि वाहन परवानाही चालत नाही. ओळखपत्र मूळ प्रतच हवं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो कामाचा नाही.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा मूळ जन्म दाखला, आणि सोबत आई-वडील किंवा कायदेशीर पालक. दाखला इंग्रजीत असावा. महापालिकेकडून हल्ली मिळणारा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, तो ठीक. जुना, हाताने लिहिलेला आणि फक्त मराठीतला दाखला असेल तर निघण्यापूर्वी नवीन काढून घ्या. मामा-मावशीबरोबर मूल पाठवणार असाल तर पालकांचं संमतीपत्रही जोडा.

याशिवाय पासपोर्ट आकाराचा फोटो, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि कोणत्या दिवशी कुठे असणार याचा कार्यक्रम. बुकिंग नोंदणीकृत हॉटेलचं किंवा होमस्टेचं असावं. होमस्टे निवडलात तर पैसे थेट त्या घरात जातात आणि चुलीजवळ बसून एमा दात्शी खायला मिळते. ही मिरच्या आणि चीजची भाजी तिखट खाणाऱ्या मराठी जिभेलाही घाम फोडते.

नावाचं स्पेलिंग तपासा. मतदार ओळखपत्रावर एक, विमानाच्या तिकिटावर दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर हमखास. अर्जात आणि तिकिटावर ओळखपत्रावरचंच नाव घाला.

अर्ज कसा करायचा

अर्ज भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्राची स्कॅन प्रत आणि फोटो चढवायचा, प्रवासाच्या तारखा आणि राहण्याचा तपशील द्यायचा, एसडीएफ भरायचा. परवाना साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत येतो. मध्ये सरकारी सुट्टी आली तर जास्त वेळ धरा. टूर ऑपरेटरमार्फतही हे होतं, पण एसडीएफ आणि ऑपरेटरचं सेवाशुल्क पावतीत वेगवेगळं दाखवायला सांगा.

रस्त्याने जाणारे बहुतेक जण हासीमारा स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळ गाठून भारताच्या हद्दीतल्या जयगावमार्गे सीमेपलीकडच्या फुंटशोलिंगला येतात. तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातही परवाना मिळतो, पण गर्दीच्या दिवसांत रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा घरूनच अर्ज केलेला बरा. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. कार्यालय बंद व्हायच्या वेळेला पोहोचणार असाल तर हा अर्धा तास नडतो. स्वतःची गाडी न्यायची असेल तर तिचा वेगळा परवाना आणि रोजचं वेगळं शुल्क आहे. फुंटशोलिंगपर्यंत ट्रेन-टॅक्सीने येऊन पुढे भूतानची गाडी करणं सोपं पडतं, आणि तिथल्या चालकालाही काम मिळतं.

आत गेल्यावर

परवाना आणि ओळखपत्र कायम जवळ ठेवा, वाटेतल्या चौक्यांवर दाखवावं लागतं. पारो आणि थिंफूच्या पुढे जायचं असेल तर मान्यताप्राप्त गाइड आणि रस्त्याचे परवाने यांची सोय आधीच करून ठेवा. ट्रेकसाठी तर गाइड हवाच. सह्याद्रीत भटकलेल्यांना तिथली शिखरं खुणावतील, पण ६,००० मीटरवरच्या शिखरांची चढाई १९९४ पासून बंद आहे आणि २००३ पासून गिर्यारोहणालाच बंदी आहे. डोंगरांवर देवतांचा वास आहे अशी लोकांची श्रद्धा आहे. मठांत अंगभर कपडे घाला, गाभाऱ्यात फोटो काढू नका आणि परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नका.

क्रौंच पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान फोबजिखाला किमान दोन रात्री राहा. ११ नोव्हेंबरला गांगते मठाच्या आवारात क्रौंच उत्सव असतो. त्या सुमारास खोऱ्यातले होमस्टे लवकर भरतात, म्हणून आधी खोली पक्की करा आणि मगच परवान्याचा अर्ज भरा.