माहीमची नोव्हेना जिथून आली, त्या बेलफास्टची गोष्ट

दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, गर्दी उसळते. वसईची, कल्याणची, गोव्याची माणसं असतात. हिंदू आणि मुस्लिमही मेणबत्ती घेऊन रांगेत उभे राहतात. ही नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या फादरांची नोव्हेना पाहिली आणि ती भक्ती इथे आणली.

त्या फादरांचा मठ म्हणजे क्लोनार्ड. बेलफास्टच्या पश्चिम भागात, कॅथलिक वस्तीच्या अगदी कडेला. मागच्या बाजूला बॉम्बे स्ट्रीट नावाची गल्ली आहे आणि तिच्यापलीकडे शँकिल हा प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला. ऑगस्ट १९६९ मध्ये जमावाने बॉम्बे स्ट्रीट जाळली. कॅथलिक कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्यानंतर दोन वस्त्यांच्या मधे भिंत उभी राहिली, ती अजून आहे. ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या दोन समाजांमध्ये हे का व्हावं?

वाद धर्मसिद्धांतांचा होता असं समजणं चुकीचं ठरेल. मुळाशी जमीन आणि सत्ता होती. १६०९ पासून इंग्रज राजसत्तेने अल्स्टरमधल्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर प्रांतातल्या, आयरिश कॅथलिकांच्या जमिनी काढून घेऊन तिथे स्कॉटलंड-इंग्लंडचे प्रोटेस्टंट वसवले. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. त्या विजयाच्या मिरवणुका आजही दर १२ जुलैला निघतात. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेतले सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, तेच उत्तर आयर्लंड. तिथल्या कॅथलिकांना घरवाटपात, नोकरीत आणि स्थानिक मतदानात डावललं जाई. १९६८ मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, पोलिसांच्या लाठ्या बसल्या, आणि पुढची तीस वर्षं बंदुका व बाँब बोलत राहिले. जेमतेम १५ लाख वस्तीच्या प्रदेशात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली.

या काळात श्रद्धा ही रविवारपुरती गोष्ट राहिलीच नाही. माणसाचं नाव, त्याची शाळा, तो राहतो ती गल्ली, एवढ्यावरून तो कोणाचा हे ठरे. मुलं वेगवेगळ्या शाळांत शिकत आणि अनेकांची पलीकडच्या समाजातल्या कोणाशी ओळख थेट नोकरीतच होई. मिश्र लग्न केलेल्या जोडप्यांना दोन्ही वस्त्यांत धोका. या अलगपणात चर्चचाही हात होता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. शाळा वेगळ्या ठेवण्यात धर्माधिकाऱ्यांना रस होता, आणि इयन पेझ्लींसारखे प्रोटेस्टंट पाळक व्यासपीठावरून कॅथलिक चर्चवर आग ओकत होते.

तरीही काही जणांनी रोजच्या जगण्यातच दुसरी वाट काढली. रे डेव्ही हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते. ड्रेस्डेन शहर बाँबहल्ल्यात बेचिराख झालं तेव्हा ते जवळच होते. परतल्यावर १९६५ मध्ये, म्हणजे दंगली पेटण्याच्या आधी, त्यांनी बॅलीकॅसलजवळच्या समुद्रकिनारी कोरीमीला हा समुदाय स्थापन केला. दोन्हीकडची माणसं तिथे एकत्र राहत, स्वयंपाक करत, प्रार्थना करत आणि भांडतही असत.

क्लोनार्डमध्ये १९८१ पासून फिट्झरॉय या प्रेस्बिटेरियन मंडळीबरोबर बायबल अभ्यास सुरू झाला. पाळक केन न्यूवेल आणि क्लोनार्डचे फादर जेरी रेनॉल्ड्स यांची त्यातून घट्ट मैत्री झाली. कोणाचा खून झाला की दोघं मिळून त्या घरी सांत्वनाला जात, मग घर कोणत्याही बाजूचं असो. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं ते हेच. प्रेताशेजारी बसलेल्या आईसमोर शत्रूच्या धर्माचा माणूस उभा करायचा आणि त्याने मान खाली घालून प्रार्थना करायची, याला कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक धैर्य लागतं.

८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन गावात युद्धस्मृतीच्या कार्यक्रमात आयआरएचा, म्हणजे ब्रिटनची सत्ता घालवण्यासाठी लढणाऱ्या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, बाँब फुटला. गॉर्डन विल्सन हे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे कापडव्यापारी ढिगाऱ्याखाली मुलगी मेरीचा हात धरून होते. ती वाचली नाही. आपल्या मनात कोणाविषयी आकस नाही, असं त्यांनी लगेच मुलाखतीत सांगितलं. जगाने त्यांना डोक्यावर घेतलं, पण जवळची माणसं गमावलेल्या सगळ्यांनाच ते मानवलं नाही, आणि त्यांचाही हक्क मान्य केला पाहिजे. क्षमा दुःखी माणसाकडून वसूल करायची गोष्ट नव्हे. विल्सन स्वतः १९९३ मध्ये आयआरएच्या माणसांना भेटले, हिंसा थांबवा म्हणाले आणि निराश होऊन परतले.

क्लोनार्डचेच फादर अ‍ॅलेक रीड मात्र पडद्याआड चिकाटीने काम करत होते. मार्च १९८८ मध्ये एका अंत्ययात्रेत शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने पकडलं आणि आयआरएने गोळ्या घातल्या. त्यांच्यापैकी एकाच्या रक्ताळलेल्या देहाजवळ गुडघे टेकलेल्या रीड यांचं छायाचित्र जगभर छापून आलं. त्या क्षणी त्यांच्याकडे एक पाकीट होतं. त्यात आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्याकडून हिंसेला विरोध करणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्याकडे जाणारा वाटाघाटींचा कागद होता. तोंडावरचं रक्त पुसून ते पाकीट पोहोचवायला निघाले. त्या गुप्त बोलण्यांतून वाट निघत निघत १९९४ चा शस्त्रसंधी आला आणि १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, शांतता करार झाला.

कराराने सगळं मिटलं नाही. आयआरएने शस्त्रं निकामी केली ती २००५ मध्ये. त्याला साक्षीदार म्हणून दोन धर्मसेवक हजर होते, रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरोल्ड गुड. एका बाजूच्या साक्षीवर दुसऱ्या बाजूचा विश्वास बसला नसता, म्हणून दोघं. सर्व भिंती २०२३ पर्यंत काढून टाकू, असं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. मुदत उलटून गेली आहे. भिंतीला लागून राहणाऱ्या अनेकांनाच ती इतक्यात नको आहे, आणि दोन्ही समाजांची मुलं एकत्र शिकतील अशा मुद्दाम स्थापलेल्या शाळांत अजून दहातलं एक मूलही जात नाही.